बांधावरचा हंसराज, विहिरीतला हंसराज

वाईच्या पश्चिमेला, जिथे सपाट शेते संपून डोंगराचा चढ सुरू होतो, तिथे आमचे गाव आहे. घरामागे काळ्या दगडात बांधलेली जुनी विहीर आहे आणि ओढ्यापलीकडे आमच्या शेताचा बांध आहे. माझ्या लहानपणी या दोन्ही ठिकाणी हंसराज नावाचा नेचा, म्हणजे फर्न, उगवत असे, आणि घरात कोणाला ताप-खोकला झाला की आजी मला हंसराज आणायला पाठवीत असे. मात्र विहीर चार पावलांवर असतानाही तिला तो नेहमी बांधावरचाच हवा असे. भर पावसात ओढा ओलांडण्याचा कंटाळा येऊन मी एकदा तिला विचारले की विहिरीतला आणला तर काय बिघडेल, तेव्हा चुलीपाशी बसलेली आजी एवढेच म्हणाली, "अगं, बांधावरचा चालतो, विहिरीतला चालत नाही." त्या वाक्याचा सरळ अर्थ घेऊन मी ओढ्याकडे निघाले. त्यात आणखी काही असू शकेल, हे लक्षात यायला मला पस्तीस वर्षे लागली.

नेच्यांकडे मी वळले ती नोकरीतून थोडी मोकळीक मिळाल्यावर. सह्याद्रीत पावसाळ्यात फुलांच्या मागे जाणारे पुष्कळ असतात, पण मला घाटातल्या ओल्या दरडीच जास्त ओढून घेत. जूनच्या पहिल्या दोन-तीन सरींनंतर, कालपर्यंत कोरड्या असलेल्या मातीच्या कापावर बोटभर उंचीचे, टोकाशी गुंडाळलेले कोंब दिसू लागतात आणि जुलैच्या मध्यापर्यंत ती सगळी दरड हिरव्या पिसांनी भरून जाते. महाबळेश्वर, ताम्हिणी, आंबोली अशा ठिकाणी मी आठ पावसाळे हिंडले, शेकडो छायाचित्रे घेतली आणि प्रत्येकाखाली पुस्तकात पाहून नाव लिहिले. मग एका परिचितांच्या ओळखीने मी ती छायाचित्रे वनस्पतिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांना दाखवायला घेऊन गेले. सरांनी तासभर ती शांतपणे पाहिली आणि शेवटी विचारले, "ताई, या सगळ्यांत एकही पान तुम्ही उलटून पाहिलेले नाही, असे का?"

मी प्रत्येक नेचा वरून टिपला होता, कारण वरून तो सुंदर दिसतो. पण नेच्याला फूल नाही, फळ नाही आणि बीही नाही. फुलझाडांत पाकळ्या मोजून, पुंकेसर पाहून, शेंग की बोंड हे बघून आपण ज्या खुणांनी जात ठरवतो, त्यांपैकी एकही इथे उपलब्ध नसते. जगात नेचे आणि त्यांचे नातेवाईक मिळून सुमारे बारा हजार जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक नेच्यांचे संसार पानाच्या पाठीवर चालतात. तिथे तपकिरी ठिपक्यांत किंवा रेघांत बीजाणूंचे, म्हणजे ज्यांपासून नेचा वाढतो त्या धुळीसारख्या कणांचे, पुंज असतात. ते गोल आहेत की लांबट, कडेला आहेत की मधल्या शिरेला चिकटून, उघडे आहेत की पातळ पापुद्र्याखाली झाकलेले, यावर कूळ आणि वंश ठरतो. वरून दिसणारा आकार ओल, सावली आणि माती यांप्रमाणे बदलत राहतो, आणि एकमेकांशी काहीही जवळचे नाते नसलेल्या दोन नेच्यांचा आकार सारखा असू शकतो.

सरांनी त्याच दिवशी माझ्यापुढे तीन वाळलेली पाने ठेवली. तिन्ही लांब, सरळ, मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पट्टीसारखी लहान पाने लावलेली. माझ्या छायाचित्रांत मी या तिघांना एकच नाव दिलेले होते. मग त्यांनी ती उलटली. पहिल्यावर पुंजांची तपकिरी रेघ अगदी कडेने गेलेली होती आणि पानाची कडच आत दुमडून तिच्यावर झाकण झाली होती. तो टेरिस विटाटा, जुन्या भिंतींच्या चुन्यात आणि गटारांच्या कठड्यांवर वाढणारा. दुसऱ्यावर तशाच दोन रेघा होत्या, पण कडेला नव्हे, मधल्या शिरेला बिलगून. तो ब्लेक्नम ओरिएन्टेल, ज्याची कोवळी पाने ओढ्याकाठी तांबूस चमकतात. तिसऱ्यावर रेघ नव्हतीच, मूत्रपिंडाच्या आकाराची लहान आवरणे ओळीने मांडलेली होती. तो नेफ्रोलेपिस, आणि त्याच्या ग्रीक नावातच ते मूत्रपिंड आहे. मला वाटले होते त्याहून ही माणसे एकमेकांना फार परकी होती. यातल्या टेरिस विटाटाबद्दल २००१ मध्ये फ्लोरिडातील संशोधकांनी दाखवून दिले की तो जमिनीतले आर्सेनिक ओढून आपल्या पानांत मोठ्या प्रमाणात साठवतो. ज्या गुणासाठी हा नेचा लावायचा, तो शेजारच्या सारख्या दिसणाऱ्या नेच्यात असेलच असे नाही, तेव्हा पान उलटण्याला केवळ अभ्यासकाच्या हौसेपलीकडेही अर्थ आहे.

मी घरी परत आले ती दहापट मोठे दाखवणारे एक भिंग घेऊन. त्यानंतरच्या पावसाळ्यात मी नवे काही शोधायचे नाही असे ठरवले आणि ज्याला लहानपणापासून ओळखते असे मी धरून चालले होते, त्या हंसराजापासूनच सुरुवात केली.

हंसराज हा एक नेचा आहे असे आपल्याकडे समजले जाते. प्रत्यक्षात त्या नावाखाली एका वंशातल्या अनेक जाती नांदतात. शास्त्रीय नाव एडिअॅन्टम, म्हणजे ग्रीक भाषेत 'न भिजणारा'. हे पान पाण्यात बुडवून पाहावे: आत असताना ते चांदीसारखे झळकते, कारण हवेचा पातळ थर त्याला लपेटून राहतो, आणि बाहेर काढले की ते कोरडे असते. हंसाच्या पिसावरून पाणी असेच ओघळून जाते, म्हणून आपल्याकडे हे नाव पडले असावे असे मला फार वाटते, पण संस्कृतात त्याला हंसपदी म्हणतात आणि तिथे साम्य पायाशी आहे, पिसाशी नाही. या वंशाची दुसरी खूण अशी की बीजाणूंचे पुंज पानाच्या पाठीवर नसून कडेच्या दुमडलेल्या पाळीवर, तिच्या आतल्या बाजूला असतात. टेरिसमध्येही कड दुमडते, पण तिथे पाळी नुसते झाकण असते; हंसराजात ते झाकणच बीजाणू वाहते. सुईच्या टोकाने ती पाळी उचलून भिंगाखाली पाहिली की हा फरक कळतो, आणि एकदा पाहिला की कधी विसरत नाही.

बांधावरचा हंसराज तो एडिअॅन्टम फिलिपेन्स. १७५३ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने त्याला हे नाव दिले. जुन्या आयुर्वेदविषयक पुस्तकांत तो 'ल्युन्युलॅटम', म्हणजे चंद्रकोरीचा, या नावाने सापडतो आणि हे दुसरे नाव त्याला अधिक शोभते. त्याचा दांडा काळाभोर, घोड्याच्या शेपटीच्या केसासारखा चकचकीत आणि पूर्णपणे गुळगुळीत असतो. दांड्यावर एकाआड एक अशी अर्धचंद्राची लहान पाने, प्रत्येकाला स्वतःचे बारीक देठ, खालची कड जवळजवळ सरळ आणि वरची गोलावलेली. मातीच्या उभ्या कापावर, सावलीत, तो गर्दी करून उगवतो आणि पावसाळा सरला की वाळून जातो.

त्याच्याच शेजारी, थोड्या कोरड्या जागी, दगडांच्या सांध्यांत आणखी एक असतो आणि पुष्कळ वर्षे मी त्याला पहिल्याचेच खुरटलेले रूप समजत होते. हा एडिअॅन्टम इन्सायझम. याचीही पाने एका ओळीत, अर्ध्या बाजूची. पण लहान पानाला देठ जवळजवळ नसतोच, वरची कड खोल कातरलेली असते आणि दांडा तपकिरी केसांनी भरलेला असतो. इथे भिंगाचीही गरज नाही: दोन बोटांत दांडा धरून हळूच फिरवला तर एक काचेसारखा निसटतो आणि दुसरा लोकरीसारखा धरून राहतो. अंधुक उजेडात, पावसाच्या झिमझिमीत चष्म्यावर पाणी साचलेले असताना मी आता डोळ्यांऐवजी बोटांवर विश्वास ठेवते.

त्या सप्टेंबरमध्ये गावी गेले असताना मी बांधावर बसून एकेक पान पाहत होते. एका दांड्याचे टोक मला सापडेना. शेवटचे लहान पान संपल्यावरही दांडा पुढे बारीक दोऱ्यासारखा लांबलेला होता, तो खाली वाकून मातीला टेकला होता आणि जिथे टेकला होता तिथे त्याला मुळे फुटून करंगळीच्या पेराएवढे नवे रोप उभे होते. मी पुढचे पान पाहिले, त्याच्या पुढचे पाहिले; बहुतेकांची टोके अशीच मातीत शिरलेली होती आणि काही ठिकाणी त्या नव्या रोपाच्या पानानेही पुढचे पाऊल टाकलेले होते. पुस्तकात याचे वर्णन मी वाचलेले होते: फिलिपेन्स आणि इन्सायझम या दोघांच्याही पानांची टोके रुजतात, आणि अशा नेच्यांना 'चालणारे नेचे' म्हणतात. वाचताना मला काही आठवले नव्हते. त्या बांधावर, गुडघ्यांना चिखल लागलेला असताना, आजीचे वाक्य तिच्या आवाजात ऐकू आले: बांधावरचा चालतो, विहिरीतला चालत नाही.

तिला काय म्हणायचे होते? औषधाला चालतो, असे? की खरोखरच पावले टाकत बांधावरून पुढे जातो, असे? मी विचारायला हवे होते, पण विचारण्यासारखे त्यात काही आहे हे मला माहीत नव्हते, आणि आता विचारायला ती नाही. मी एवढेच सांगू शकते की दोन्ही अर्थांनी ते वाक्य बरोबर आहे. आयुर्वेदात हंसपदी म्हणून जो नेचा धरतात तो हाच चंद्रकोरीचा. विहिरीतला जो आहे तो युनानी वैद्यकात परसियावशान म्हणून वापरतात. काष्ठौषधींच्या दुकानातून 'हंसराज' म्हणून घेतलेल्या पुडीत मला या दोघांचे तुकडे एकत्र मिळाले आहेत. आजीने त्यांची सरमिसळ कधी होऊ दिली नाही.

विहिरीतला हंसराज तो एडिअॅन्टम कॅपिलस-व्हेनेरिस. नावाचा अर्थ व्हीनस देवतेचे केस. जुन्या विहिरी, बारवा, धबधब्यांच्या कपारी, जिथे चुना आहे आणि पाणी सतत झिरपते, तिथे तो झुंबरासारखा लोंबतो. याचे पान एका ओळीचे नसते. दांड्याला फांद्या, फांद्यांना उपफांद्या आणि त्यांच्या टोकांना पंख्यासारखी, पाचरीच्या तळाची लहान पाने. याचे टोक कधी रुजत नाही. जमिनीलगतचे त्याचे खोड खडकावरून सरपटत हळूहळू पसरते, पण पानाने पाऊल टाकणे हे त्याच्या स्वभावात नाही. या दोघांत गोंधळ होण्याचे खरे तर काही कारण नाही. गोंधळ होतो तो त्याच्या दुसऱ्या एका जुळ्याशी, आणि ते जुळे आपल्याकडचे नाही.

महाबळेश्वर-पाचगणीच्या नर्सऱ्यांत, आणि आता पुण्या-मुंबईच्या बाल्कन्यांतही, 'हंसराज' म्हणून जी कुंडी मिळते, तिच्यात बहुतेक वेळा दक्षिण अमेरिकेतून आलेला एडिअॅन्टम रॅडिअॅनम असतो. तेच काळे दांडे, त्याच फांद्या, तीच पंख्यासारखी पाने. त्याचे बीजाणू वाऱ्यावर जातात, ओल्या भिंतीवर पडतात आणि रुजतात, त्यामुळे तो कुंडीतच राहील अशी खात्री देता येत नाही. या दोघांना वेगळे करणारी खूण इतकी बारीक आहे की मला ती पहिल्यांदा सांगितली गेली तेव्हा माणसाने ती शोधली कशी याचेच आश्चर्य वाटले. बीजाणू न धरणारे एक लहान पान घ्यावे आणि उजेडासमोर धरावे. देठाकडून निघालेल्या शिरा फाटत फाटत कडेकडे जातात आणि कडेला बारीक दाते असतात. आपल्या विहिरीतल्या हंसराजात प्रत्येक शीर दात्याच्या टोकात जाऊन संपते; परदेशी जुळ्यात ती दोन दात्यांमधल्या खाचेत जाऊन संपते. पुंजांवरची पाळीही वेगळी असते, पहिल्यात ती आडवी लांबट तर दुसऱ्यात गोलसर, खाचेत बसलेली. पण पाळी वय वाढले की आकार बदलते, शीर मात्र जिथे संपायची तिथेच संपते.

आता नेच्यांच्या जाती ओळखणे इतके अवघड का, याविषयी थोडे. फुलझाडांत कीटक, रंग, गंध, फुलण्याची वेळ अशा अनेक गोष्टी जातींना एकमेकींपासून दूर ठेवतात. नेच्यांत बीजाणू ओल्या मातीत पडतो, त्यातून नखाएवढे हिरवे पापुद्रे तयार होतात आणि त्यांच्यावरचे पुंबीज पाण्याच्या थेंबातून पोहत जाऊन स्त्रीबीजाला मिळते. एकाच दरडीवर दोन जातींचे पापुद्रे शेजारी असले तर तो थेंब जात विचारत नाही. त्यातून संकर होतात, गुणसूत्रांचे संच दुप्पट-तिप्पट होतात. जिभेसारखे एकच पान वर काढणाऱ्या ओफिओग्लॉसम या नेच्याच्या एका जातीत तर पेशीत १२६० गुणसूत्रे मोजली गेली आहेत, जिथे माणसात ती ४६ असतात. आणि काही नेच्यांनी मीलनच सोडून दिले आहे. आपल्या बांधावरच्या फिलिपेन्समध्ये तीन संचांची अशी रोपे सापडतात, ज्यांच्या बीजाणूंपासून झालेल्या पापुद्र्यातून फलनाशिवायच नवे रोप उभे राहते. अशी एखादी वंशावळ आपली बारीकशी लकब, कातर थोडी अधिक किंवा कोर थोडी रुंद, पिढ्यानुपिढ्या जशीच्या तशी पुढे नेते, आणि पाहणाऱ्याला प्रत्येक बांधावर नवी जात दिसल्याचा भास होतो.

हे ओळखण्याची एक सोपी रीत सरांनी मला दाखवली. सामान्य नेच्याच्या एका बीजाणुधानीत, म्हणजे बीजाणू धरणाऱ्या सूक्ष्म पिशवीत, ६४ बीजाणू असतात. मीलन सोडलेल्या नेच्यात ते बहुधा ३२ असतात, आणि आकाराने मोठे. म्हणजे एक न फुटलेली बीजाणुधानी काचपट्टीवर घेऊन मोजत बसायचे, बस्स. मी पहिल्यांदा मोजायला बसले तेव्हा दिव्याच्या उष्णतेने बीजाणुधानी सुकल्या आणि माझ्या डोळ्यांसमोर एकामागून एक उडाल्या: पाठीवरचे पेशींचे कडे मागे ताणले जाते, एका क्षणी सुटते आणि गोफणीसारखे बीजाणू फेकून देते. मोजणी त्या दिवशी राहिली. पण मी ते गोफणीचे काम पुन्हा पुन्हा पाहत रात्री उशिरापर्यंत बसले होते.

चांदीच्या नेच्याची गोष्ट मला जरा सविस्तर सांगायची आहे, कारण ती महाराष्ट्रातल्या पुष्कळ मुलांना माहीत असते. घाटातल्या दगडांच्या फटींत वितीएवढा, पंचकोनी पानाचा एक नेचा असतो, ज्याची पाठ पांढऱ्या पिठासारख्या थराने भरलेली असते. ते पान हाताच्या पाठीवर ठेवून चापट मारली की चांदीचा छाप उमटतो. आम्ही सहलींना जाताना सगळ्या वर्गाचे हात असे रंगवले आहेत. उन्हाळ्यात हीच पाने आत वळून मुठीसारखी मिटतात आणि पहिल्या पावसाला पुन्हा उघडतात. कर्नाटक-केरळच्या घाटांत रस्त्याकडेला याच्यासारखाच चांदी देणारा दुसरा नेचा दिसतो, तो पिटिरोग्रामा, मूळचा उष्ण अमेरिकेतला. तो उंच, भाल्याच्या पात्यासारखा असतो आणि त्याच्या बीजाणुधानी शिरांवरून धावत सगळी पाठ व्यापतात, तर आपल्याकडच्याच्या कडेच्या पाळीखाली राहतात. हे दोघे वेगळे करणे सोपे. अवघड काम त्यानंतरचे आहे.

आपल्याकडच्या चांदीच्या नेच्याला जुन्या पुस्तकांत 'फॅरिनोसा', म्हणजे पिठाळ, असे नाव आहे. हे नाव देणारा पीटर फोर्स्कॉल हा लिनियसचा स्वीडिश विद्यार्थी. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेत तो येमेनला गेला, तिथल्या डोंगरांत त्याने वनस्पती गोळा केल्या आणि १७६३ मध्ये तिथेच तापाने वारला. त्याचे टिपण त्याचा सहकारी कार्स्टन नीबुर याने १७७५ मध्ये प्रसिद्ध केले, आणि त्यातच आपल्या केसाळ हंसराजाचे 'इन्सायझम' हे नावही आहे. हाच नीबुर येमेनहून जहाजाने मुंबईला आला होता आणि त्याने घारापुरीच्या लेण्यांची रेखाटने केली होती, हे वाचल्यापासून मला ती सगळी माणसे ओळखीची वाटू लागली आहेत. पण येमेनच्या नेच्याचे नाव भारतातल्या प्रत्येक पिठाळ नेच्याला लावले गेले, आणि पुढे अभ्यासकांनी बारकाईने पाहिले तेव्हा त्या एका नावाखालून अनेक जाती बाहेर आल्या. आज त्या अॅल्युरिटॉप्टेरिस या वंशात ठेवतात. त्यांच्यातला फरक पानावर शोधण्यापेक्षा देठाच्या तळाशी शोधावा लागतो: तिथले कोंड्यासारखे शल्क एकाच रंगाचे आहेत, की फिकट कडा आणि मध्ये गडद पट्टा असे दुरंगी आहेत, ते देठावर किती उंचीपर्यंत चढतात, कडेची पाळी अखंड आहे की फाटलेली. म्हणून पान तोडताना ते मधूनच खुडून चालत नाही. देठाचा अगदी तळ, शल्कांसह, हाती यावा लागतो. त्यासाठी रोप उपटण्याची गरज नसते, आणि एकट्या रोपाला तर मी हातही लावत नाही, गुडघे टेकून जागीच पाहते. माझी चांदीच्या नेच्याची आठ वर्षांची सगळी छायाचित्रे या कामी निरुपयोगी ठरली, कारण त्यांतल्या एकातही देठ नव्हता.

आणि तरीही काही नेचे नाव देत नाहीत. टेरिसच्या वंशात 'दोन कानांचा' आणि 'चार कानांचा' अशा अर्थाच्या नावांच्या दोन जाती आहेत, बायऑरिटा आणि क्वाड्रिऑरिटा. कान म्हणजे सर्वांत खालच्या पिसांना, म्हणजे दांड्याच्या बाजूंना लागलेल्या पानाच्या भागांना, फुटलेली जास्तीची फांदी. नावे अशी असली तरी कान मोजून त्या वेगळ्या करता येत नाहीत. पान सूर्यासमोर धरावे लागते. बायऑरिटात मधल्या शिरेलगत, शेजारच्या दोन भागांच्या तळच्या शिरा एकमेकींना भेटून बारीक कमान करतात आणि अशा कमानींची माळ मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंनी चालत जाते. क्वाड्रिऑरिटात प्रत्येक शीर सुटी राहून कडेला पोचते. कमानी दिसल्या की निर्णय झाला. पण कमानी नसल्या की निर्णय होत नाही, कारण सुट्या शिरांचा हा सगळा गटच गुंतागुंतीचा आहे. १९५८ मध्ये टी. जी. वॉकर यांनी सिलोनमधल्या या नेच्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा तिथे दोन जातींचा संकर होऊन, त्या संकराची संतती पुन्हा आपसांत मिसळून, दोन टोकांच्या मधले प्रत्येक रूप जिवंत असल्याचे त्यांनी दाखवले. आपल्या घाटांत मला जे दिसते ते तसेच आहे असे मी म्हणत नाही; पण ज्या पानावर तीन पुस्तकांतून तीन नावे निघतात, त्यावर एक नाव ठोकून देण्याची माझी घाई त्या दिवसापासून संपली.

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात ज्यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह आहे, त्या फादर ब्लॅटर यांनी जे. एफ. द'आल्मेदा यांच्याबरोबर १९२२ मध्ये मुंबई इलाख्यातल्या नेच्यांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. मी ते जेव्हा जेव्हा उघडते तेव्हा त्यातली नावे शतकभरात किती बदलली हे जाणवते, आणि वर्णने किती टिकली हेही. माझ्याकडच्या वाळवलेल्या पानांना मी आता नावाच्या आधी वर्णन लिहिते: ठिकाण, उंची, माती, सावली, दांड्याचा रंग, शल्क, शिरा, पुंज. जुलैमध्ये गोळा केलेली पाने वर्तमानपत्रात दाबून रोज कागद बदलावा लागतो, नाहीतर दमट हवेत तिसऱ्या दिवशी बुरशी येते; त्या रोजच्या बदलाच्या वेळी पान पुन्हा डोळ्यांखालून जाते आणि पहिल्या दिवशी न दिसलेले काहीतरी चौथ्या दिवशी दिसते. माझ्या कपाटात टेरिसची एकवीस पाने अशी आहेत ज्यांच्या चिठ्ठीवर वंशाचे नाव आहे आणि जातीची जागा कोरी आहे. सरांनी ती चाळली आणि काही न बोलता पुन्हा नीट बांधून ठेवली.

गेल्या नोव्हेंबरमध्ये मी पुन्हा गावी गेले. विहिरीच्या कठड्यावर काकूने एक कुंडी ठेवली होती, महाबळेश्वरच्या नर्सरीतून दहा-बारा वर्षांपूर्वी आणलेली, आणि तिच्यात दाट, हिरवागार, नाजूक हंसराज होता. मी त्याचे एक लहान पान उजेडाला धरले. शिरा खाचेत संपत होत्या. म्हणजे दहा-बारा पावसाळे त्या परदेशी जुळ्याचे बीजाणू आमच्या विहिरीवर उडत होते, आणि खाली आत, जिथे आजीने न वापरलेला हंसराज लोंबत असे, तिथे काय उगवत असेल हे वरून पाहून सांगणे शक्य नव्हते. वरून दोघे सारखेच दिसतात.

काकूने चिंचा काढायची आकडी आणून दिली. पाणी बरेच खाली गेले होते, विहिरीच्या पायऱ्या निसरड्या होत्या, म्हणून पुतण्याने माझा हात धरला आणि मी चौथ्या पायरीवर बसून चार दिशांच्या चार भिंतींवरून एकेक पान ओढून घेतले. वर येऊन पडवीत, दुपारच्या उन्हात, मी ती चार पाने पांढऱ्या कागदावर मांडली. काकू शेजारी येऊन बसली आणि तिने विचारले, "तेच आहे का गं? आईंच्या वेळचे?" मी पहिल्या पानाचा एक तुकडा भिंगाखाली धरला आणि देठापासून निघालेली एक शीर धरून तिच्यामागे कडेपर्यंत गेले. ती दात्याच्या टोकात जाऊन संपत होती. दुसऱ्या पानात तसेच, तिसऱ्यात तसेच. चौथे पान उत्तरेकडच्या भिंतीवरचे, बरोबर कुंडीच्या खालचे होते. त्याची सगळी लहान पाने बीजाणूंनी भरलेली होती, कडा दुमडलेल्या, पाळ्या वाळून वाकड्या झालेल्या, आणि दाते दिसतील असे एकही वांझ पान त्यावर नव्हते. मी ते कागदात घालून त्यावर तारीख, विहीर, उत्तर भिंत असे लिहिले आणि जातीची जागा कोरी ठेवली. काकूला सांगितले की जूनमध्ये कोवळी पाने आल्यावर मी पुन्हा येईन, आणि तोवर कुंडी कठड्यावरून उचलून अंगणात ठेवू या. तिने ती तेव्हाच उचलली.